सॉफ्ट स्किल्स शिकवायचे म्हणजे नेमकं काय? वऱ्हाडातल्या वर्गात बोलायला किती मिनिटं मिळतात याचा हिशोब



अमरावती असो की अकोला, इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये शेवटचं वर्ष सुरू झालं की एक कार्यक्रम ठरलेला असतो. बाहेरून एक ट्रेनर येतात. हॉलमध्ये दीड-दोनशे पोट्टे-पोट्ट्या बसतात. दिवसभर प्रेझेंटेशन चालतं, त्यात हात कसा मिळवायचा, टाय कसा बांधायचा, "टेल मी अबाउट युवरसेल्फ"चं उत्तर काय द्यायचं हे सांगतात. संध्याकाळी सर्टिफिकेट मिळतं आणि कॉलेजच्या फाइलमध्ये नोंद होते, की सॉफ्ट स्किल्स ट्रेनिंग पूर्ण.

मी इंजिनिअरिंग अमरावतीतच केलं. आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आमच्या टीमसाठी नवीन मुलांच्या मुलाखतीही घेतो. विदर्भातून आलेला मुलगा समोर बसला की बऱ्याचदा एक गोष्ट दिसते. त्याला कोड येतो, लॉजिक बरोबर असतं. पण "हे असंच का केलं?" असं विचारलं की तो गप्प होतो. उत्तर माहीत असतं, पण असं कोणाला समजावून सांगायची वेळ त्याच्यावर आधी आलेलीच नसते.

शाळा-कॉलेजात सॉफ्ट स्किल्स शिकवले पाहिजेत यावर आता कोणाचाच वाद नाही. सरकारी धोरणात ते आहे आणि अभ्यासक्रमातही आहे. अडचण पुढे आहे. त्यासाठी मार्क ठेवलेत, क्रेडिट ठेवलेत, पण विद्यार्थ्याने प्रत्यक्ष बोलायचा वेळ कुठेच ठेवलेला नाही. या लेखात हाच हिशोब मांडतो.

हा शब्द आला कुठून?

"सॉफ्ट स्किल्स" हा शब्द कॉर्पोरेट कंपन्यांनी काढला असं आपल्याला वाटतं. खरं तर तो अमेरिकन लष्करातून आला. १९६०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या प्रशिक्षण विभागाच्या लक्षात आलं, की सैनिकाला मशीन चालवायला कसं शिकवायचं हे आपल्याला नीट माहीत आहे. पण तुकडी सांभाळणं, सूचना देणं, लोकांकडून काम करून घेणं हे कसं शिकवायचं, ते माहीत नाही. १९७२ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथं यावर परिषदही झाली. तिथे मांडलेला ढोबळ अर्थ असा होता: कामासाठी महत्त्वाची, पण मशीनशी फारसा संबंध नसलेली कौशल्यं.

पुढे १९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने शाळांसाठी दहा जीवनकौशल्यांची यादी दिली. त्यात स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करणं, चिकित्सक विचार, निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, संवाद, ताण हाताळणं अशा गोष्टी आहेत. या यादीत टाय नाही आणि इंग्रजीही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दहावीच्या वीस मार्कांची गोष्ट

आपल्या राज्यात बोलण्याला मार्क आहेत बरं का. दहावीला भाषा विषयांत ८० मार्क लेखी आणि २० मार्क तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे. ही तोंडी बऱ्याच ठिकाणी कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. सर विचारतात, "कविता पाठ आहे का?" मुलगा दोन ओळी म्हणतो, सर म्हणतात, "बस, पुढचा ये." आणि मार्क मिळतात अठरा.

शाळा हे मार्क सढळ हाताने वाटतात अशी टीका होत होती. म्हणून २०१८-१९ या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे २० मार्क बंद केले आणि पेपर पूर्ण १०० मार्कांचे झाले. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. आपल्या अमरावती विभागाचा निकाल ७१.९८ टक्के लागला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि पेपरचा आराखडाही नवीन होता, त्यामुळे सगळी घसरण एकट्या तोंडीमुळे झाली असं म्हणता येणार नाही. पण मोठी चर्चा याच २० मार्कांवर झाली. सीबीएसईच्या मुलांना अंतर्गत मार्क मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडतील, असं पालकांचं म्हणणं होतं. ते चुकीचंही नव्हतं. शेवटी २०१९-२० पासून ८०-२० पद्धत परत आली आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला.

या पूर्ण वादात टक्केवारीवर भरपूर बोलणं झालं. मुलांना वर्षभरात बोलायला किती तास मिळतात, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. मार्क गेले तेव्हा आरडाओरड झाली आणि आल्यावर शांतता. शिकवणं आधी जसं होतं तसंच राहिलं.

कॉलेजात क्रेडिट आले, पुढे काय?

कॉलेजचं चित्र कागदावर तरी बरंच पुढे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये "जीवन कौशल्य" नावाचा अभ्यासक्रम दिला, २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात आधी स्वायत्त आणि २०२४-२५ पासून विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतही नवीन रचना लागू झाली. म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे सांभाळणाऱ्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातही. आता डिग्रीतच क्षमता संवर्धन, कौशल्य संवर्धन, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग असे कप्पे आहेत आणि त्यांना क्रेडिट आहेत.

आता साधं गणित करू. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास. समजा संवाद कौशल्याचा २ क्रेडिटचा पेपर आहे आणि वर्गात ६० मुलं आहेत. ३० तास म्हणजे १८०० मिनिटं.

- सरांनी सगळे तास स्वतः शिकवलं: प्रत्येक विद्यार्थ्याची बोलण्याची वेळ शून्य मिनिटं.
- सर एक शब्दही बोलले नाहीत आणि मुलं एकेक करून समोर येऊन बोलली: सेमिस्टरभरात प्रत्येकी ३० मिनिटं.
- सरांनी अर्धा वेळ शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या वेळात मुलं जोड्या करून एकमेकांशी बोलली: प्रत्येकी साडेसात तास.

वर्ग, सर, पेपर आणि पगार तिन्ही वेळा तोच आहे. फरक फक्त बसवण्याचा. शाळेचंही तसंच. ३५ मिनिटांचा तास आणि ५० मुलं, तर एकेकाला ४२ सेकंद येतात. जोड्या केल्या तर प्रत्येकाला १७ मिनिटं मिळतात. गोंगाट होईल हे खरं आहे, पण तो गोंगाट म्हणजेच सराव.

पोहणं वहीत लिहून येत नाही, बोलण्याचंही तसंच. म्हणून "सॉफ्ट स्किल्सची व्याख्या लिहा, ५ मार्क" असा प्रश्न पेपरात येतो तेव्हा समजायचं की गाडी रुळावरून खाली उतरली.

सेमिनारमधली ती प्रसिद्ध स्लाइड

तुम्ही असा सेमिनार केला असेल तर ही स्लाइड पाहिलीच असेल: "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के." व्हॉट्सअॅपवरही ती फिरत असते.

हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवले होते, एकात चेहऱ्याचे फोटोही दाखवले होते. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ओळखतो, एवढाच प्रश्न होता. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे आकडे लागू होत नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे.

तुम्हीच विचार करा. शब्दांचा वाटा ७ टक्के असता तर तमिळमधलं भाषण नुसतं बघून आपल्याला ९३ टक्के समजलं असतं! चिकित्सक विचार शिकवायला आलेल्या सेमिनारमध्येच हा आकडा कोणी तपासत नाही आणि समोरचे दीडशे जण हात वर करून विचारतही नाहीत. प्रश्न विचारायची सवय नसली की असं होतं.

कंपनीत लागतं ते काय?

पहिली गाळणी आजकाल माणूस लावत नाही. अनेक कंपन्या मोबाइल किंवा लॅपटॉपवर आवाजाची ऑटोमॅटिक टेस्ट घेतात. ऐकलेलं वाक्य तसंच म्हणायचं, विस्कटलेलं वाक्य जुळवायचं, छोटी गोष्ट ऐकून स्वतःच्या शब्दांत सांगायची, असे त्यात प्रश्न असतात. सॉफ्टवेअर तुमचा वेग, मधले थांबे, उच्चार आणि वाक्याची बांधणी तपासतं. इथं पाठ केलेलं "टेल मी अबाउट युवरसेल्फ" कामाला येत नाही, कारण गोष्ट तुम्ही त्याच क्षणी ऐकलेली असते.

नोकरी लागल्यावर तर वेगळंच. आमच्या कामातलं एक उदाहरण बनवून सांगतो. एखादा नवीन मुलगा तक्रार नोंदवतो: "पेमेंट पेज चालत नाही, कृपया बघा." आता समोरचा काय बघणार? त्याऐवजी हे वाचा: "अँड्रॉइड १३, मोबाइल डेटावर यूपीआय निवडलं की पेज पांढरं होतं. वाय-फायवर होत नाही. दहापैकी सात वेळा झालं. स्क्रीनशॉट जोडला आहे." दुसऱ्या तक्रारीतलं इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं, कारण त्यात समोरच्याला काय लागेल याचा विचार आहे. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं म्हणतात ते हेच.

अजून तीन वाक्यं रोज लागतात: "मला हे समजलं नाही, परत सांगाल का?", "हे काम उद्यापर्यंत होणार नाही, परवा देतो" आणि "तुमचं म्हणणं समजलं, पण मला वेगळं वाटतं." तिन्ही साधी आहेत. पण ज्या वर्गात प्रश्न विचारणं म्हणजे सरांना उलटं बोलणं समजलं जातं, तिथून आलेल्या मुलाला ही वाक्यं फार जड जातात. मग तो तीन दिवस अडून बसतो आणि चौथ्या दिवशी सांगतो.

आपली वऱ्हाडी आणि इंग्रजीचं भूत

अजून एक गोठ मोकळेपणानं बोलू. पुण्यात गेल्यावर "मले", "तुले", "काऊन" म्हटलं की हसणारे भेटतात. त्यामुळे आपली पोरं आधी मराठीतच गप्प होतात, इंग्रजी तर पुढची गोष्ट.

पण ज्यांच्या नावाने आपलं विद्यापीठ आहे, ते गाडगेबाबा काय करायचे? अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस शाळा शिकलेला नव्हता. कीर्तनात ते नुसतं सांगत नसत, समोरच्या लोकांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढत आणि मग पुढचा प्रश्न टाकत. भाषा अस्सल वऱ्हाडी होती आणि समोर हजारो लोक असायचे. संवाद कौशल्याचं यापेक्षा मोठं उदाहरण कोणत्या ट्रेनरकडे आहे?

इंग्रजी लागतं, त्यात दुमत नाही. आयटीत तर लागतंच. पण इंग्रजी ही भाषा आहे आणि मुद्दा मांडणं हे कौशल्य आहे. मराठीत दोन मिनिटं सरळ समजावून सांगता येत नसेल तर ते इंग्रजीत कुठून येणार? शाळेत हा सराव मराठीत, वऱ्हाडीत सुरू झाला तरी काही बिघडत नाही.

हे फक्त आयटीसाठी आहे का?

अजिबात नाही. बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम या अर्थतज्ज्ञांनी एक अभ्यास केला. तिथल्या काही महिला कामगारांना सुमारे ८० तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यात संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं अशा गोष्टी होत्या. कोणाला प्रशिक्षण मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून तुलना चोख झाली. प्रशिक्षण मिळालेल्या महिलांची उत्पादकता वाढली आणि कंपनीला खर्चापेक्षा कितीतरी जास्त फायदा झाला.

आता अमरावतीकडे बघा. नांदगाव पेठला सुमारे १००० एकरांवर पीएम मित्र टेक्सटाइल पार्क होणार आहे, त्याचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ ला झालं. तिथं लाइन सुपरवायझर, क्वालिटी चेकर, मशीन ऑपरेटर लागतील. या कामांत टाय लागत नाही. "ही शिलाई चुकतेय, मशीन थांबवू का?" हे वेळेवर सांगणारा माणूस लागतो. तिकडचं ट्रेनिंग ८० तासांचं आणि आपलं एका दिवसाचं. निकाल सारखाच येईल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. नोकऱ्याच कमी असतील तर नुसत्या बोलण्याने त्या तयार होत नाहीत. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत देशातले ५१.२५ टक्के तरुण नोकरीयोग्य असल्याचा आकडा आला होता, आणि असा आकडा आला की सगळं खापर पोरांवर फुटतं. बोलायला कधी वेळच दिला नाही आणि वर म्हणायचं याला बोलता येत नाही, हा न्याय बरोबर नाही.

एआय आलं, आता काय गरज?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. चॅटजीपीटी, जेमिनी ईमेल लिहून देतात, रेझ्युमे बनवून देतात, इंग्रजी सुधारून देतात. खरं आहे. पण त्यामुळे झालं असं, की सगळ्यांचे रेझ्युमे एकसारखे छान दिसायला लागले. मग मुलाखत घेणारा कशावरून निवडणार? समोरासमोर बोलण्यावरून. म्हणजे एआयमुळे लिखाण स्वस्त झालं आणि बोलण्याची किंमत वाढली. शिवाय एआयकडून चांगलं काम करून घ्यायलाही नेमकं काय हवं ते सांगता यावं लागतं. वर सांगितलेल्या तक्रारीच्या उदाहरणासारखंच.

नमुना आपल्याच गावात आहे

यासाठी फिनलंडकडे बघायची गरज नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांतली बी.एस्सी. अॅग्रीची मुलं शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जातात. "कृषीदूत" आणि "कृषीकन्या" म्हणून त्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बीजप्रक्रिया कशी करायची, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा हे ती शेतकऱ्यांना करून दाखवतात. समोर तीस वर्षं कपाशी लावलेला माणूस बसलेला असतो. पाठ केलेलं तो ऐकून घेत नाही, उलट विचारतो, आणि उत्तर त्याच्याच भाषेत द्यावं लागतं.

हे खरं सॉफ्ट स्किल्स ट्रेनिंग. हाच साचा इंजिनिअरिंग आणि आर्ट्स-कॉमर्सच्या फील्ड प्रोजेक्टला वापरता येईल. कॉम्प्युटरच्या मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन लोकांना डिजिलॉकर समजावून सांगावं, ऑनलाइन फसवणूक कशी ओळखायची ते सांगावं. क्रेडिट तर आधीच ठेवलेले आहेत.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

धोरण बदलायची वाट बघत बसू नका. मोबाइल आहेच हातात.

१. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. आज शिकलेली एक गोष्ट मराठीत बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकवत नाही, पण आठवड्याभरात सवय होते.

२. जोडी करा. मित्राला तुमचा प्रोजेक्ट समजावून सांगा. मग त्याने तो तुम्हाला परत सांगायचा. तो जिथं अडकेल तिथं तुमचं सांगणं कच्चं होतं.

३. एआयला उत्तर मागू नका, प्रश्न विचारायला लावा. "तू मुलाखत घेणारा आहेस, माझ्या प्रोजेक्टवर एकेक प्रश्न विचार, उत्तर तू देऊ नकोस," असं सांगा. आवाजाने उत्तर द्या. आधार, बँक असली खासगी माहिती मात्र टाकू नका.

४. आठवड्यात एक प्रश्न. कोणत्याही एका तासात हात वर करून एक खरा प्रश्न विचारा. "मले समजलं नाही" एवढं म्हटलं तरी सुरुवात झाली.

आणि एक काम कॉलेजच्या प्रतिनिधींसाठी, शाळेत लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांच्या पालकांसाठीही. पुढच्या मीटिंगमध्ये सॉफ्ट स्किल्सचा सेमिनार मागू नका. टाइमटेबल मागा आणि सरळ विचारा: यातल्या कोणत्या तासाला मुलं बोलणार आहेत आणि प्रत्येकाला किती मिनिटं मिळणार आहेत?